सेक्रेटरी म्हणून सोसायटीची माझी पहिली एजीएम घेताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमचे जुने सेक्रेटरी मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले. समितीच्या बैठकीत 'आता कोण?' असा प्रश्न आला, कुणीच पुढे होईना, आणि शेवटी मी हो म्हटलं. समितीत मी महिलांच्या राखीव जागेवर आले होते. तोवर माझ्याकडे गणपतीची वर्गणी आणि टँकरचा हिशेब एवढंच काम होतं. सभेत मी कधी उभी राहून बोललेही नव्हते.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला आहे, १९९८ सालची. तळमजला अधिक सात मजले, ३२ घरं, एक लिफ्ट. त्याआधीची, २०२३ची, वार्षिक सर्वसाधारण सभा (एजीएम) चार तास चालली होती आणि लिफ्ट बदलण्याबद्दल कुठलाच ठराव न होता उठली होती. दोन शेजारी त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते. निम्मी माणसं 'परत कधी येणार नाही' म्हणत घरी गेली. पुढची सभा मला घ्यायची होती आणि खरं सांगायचं तर झोप उडाली होती. त्या सहा-सात महिन्यांत काय काय केलं, काय चुकलं, किती पैसे लागले ते सगळं इथे लिहितेय. माझ्यासारखं कुणी अचानक सेक्रेटरी झालं असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून.

हातात आल्या त्या तीन बॉक्स फायली, आय आणि जे रजिस्टर (सभासदांची नोंदवही आणि यादी) आणि लाल कापडी बांधणीचं इतिवृत्ताचं पुस्तक. पहिलं काम म्हणून मी मार्च महिनाभर रोज रात्री थोडं थोडं करून मागच्या पाच वर्षांची इतिवृत्तं वाचली. हे प्रत्येक नव्या सेक्रेटरीने करावंच. मला त्यात एक गोष्ट सापडली. २०२१, २०२२ आणि २०२३, तिन्ही वर्षी एकच वाक्य होतं : 'लिफ्टबाबत सविस्तर चर्चा झाली. याविषयी पुढील सभेत निर्णय घ्यावा असे ठरले.' अक्षर एकाच माणसाचं, शब्दही तेच. फक्त शाईचा रंग वेगळा. तीन वर्षं लोक दर वेळी चार-चार तास बसून त्याच एका वाक्यापाशी पोचत होते. लिफ्टचा प्रश्न सुटत नव्हता, कारण सभेत येताना कुणाच्याच हातात आकडे नव्हते. हे त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

मग उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, वाचायला घेतले. शासनाचे २०१४चे आदर्श उपविधी आमच्या सोसायटीने स्वीकारले आहेत. मराठी प्रत बाजारात मिळते, ती एक घ्याच. भाषा जड आहे, पण सभेबद्दलचा भाग आठ-दहा पानांचाच आहे. त्यातलं जे कामाला आलं ते असं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा झालीच पाहिजे. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळायला हवी आणि नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. आमच्या ३२चे दोन तृतीयांश २२ होतात, म्हणून आमचा कोरम २०. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही.

या शेवटच्या नियमाने आमच्याकडे एक वाईट सवय लावली होती. नोटिशीत खाली छापलेलं असायचं की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. त्यामुळे दहाच्या सभेला लोक साडेदहा, पावणेअकराला यायचे. १२-१३ माणसांत निर्णय व्हायचे आणि उरलेले वर्षभर 'आम्हाला कुणी विचारलं?' म्हणत राहायचे. ती ओळ मी नोटिशीतून काढली नाही, कारण कोरम झालाच नाही तर मुदत निघून गेली असती. पण या वेळी सभा कोरमनेच व्हायला हवी असं मनाशी पक्कं केलं. लिफ्टचा १४ लाखांचा खर्च १२ माणसांच्या होकारावर करायचा नव्हता.

एप्रिल ते जुलै हिशेबात गेले. खजिनदार आमच्याहून वयाने लहान, आयटीतला मुलगा आहे, त्याने मेहनत घेतली. लेखापरीक्षक शासनाच्या पॅनेलवरचाच हवा आणि त्याची नेमणूक आदल्या सर्वसाधारण सभेने केलेली असायला हवी, हे लक्षात ठेवा. आमचा लेखापरीक्षण अहवाल १२ जुलैला हातात आला. सहा शेरे होते. दोन घरांची नॉमिनेशनची नोंद नव्हती, एका मुदत ठेवीचं नूतनीकरण वेळेत झालेलं नव्हतं, असे. त्यांची उत्तरं 'ओ' नमुन्यातल्या दोषदुरुस्ती अहवालात लिहून द्यावी लागतात. मला त्याला दोन रविवार लागले. नमुना पाहून घाबरायला होतं, पण शेरा, काय दुरुस्ती केली आणि तारीख एवढंच भरायचं असतं.

४ ऑगस्टला समितीची बैठक बसली ती तारीख ठरवायला. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ला. त्याआधी घ्यावी तर अहवाल छापून व्हायचा नव्हता. गणपतीत लोक गावी. १८पासून पितृपक्ष. समितीतल्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, "पितृपक्षात कुठलं नवं काम काढू नये. लिफ्टसारखं तर नाहीच." मी कॅलेंडर समोर ठेवलं. सप्टेंबरचे उरलेले दोनच रविवार, २२ आणि २९, आणि दोन्ही पितृपक्षात. मी म्हटलं, "काकू, सभेत फक्त ठराव करू. कामाची ऑर्डर दसऱ्याला देऊ." त्या लगेच कबूल झाल्या. २२ सप्टेंबर, सकाळी साडेदहा ठरलं. आणि पितृपक्षाचा एक फायदाही झाला. स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयाचा छोटा हॉल एरवी परवडला नसता, तो त्या दिवसांत रिकामाच होता. खुर्च्या आणि माइकसकट ₹२,०००ला मिळाला. आमची सभा आधी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत व्हायची. मागच्यांना ऐकू यायचं नाही आणि भिंतीपलीकडे पंप सुरू असायचा. ऐकू न येणारा माणूस दहा मिनिटांत शेजाऱ्याशी बोलायला लागतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी जागेवर करा.

ऑगस्टभर आम्ही लिफ्टची तीन कोटेशनं मिळवली : ₹१२,४०,०००, ₹१३,८०,००० आणि ₹१५,१०,०००, तिन्ही जीएसटी धरून. तिन्हींत काय आहे आणि काय नाही याचा एक पानी तक्ता केला. दुरुस्ती निधीच्या ठेवी ₹७,५०,००० होत्या. मधल्या कोटेशनला ₹६,३०,००० कमी पडत होते, म्हणजे घरटी साधारण ₹१९,७००. हा आकडा मी तक्त्याच्या तळाशी ठळक छापला. प्रत्येकाला शेवटी हेच जाणून घ्यायचं असतं की माझ्या घरावर किती येणार, आणि ते सभेच्या मध्यावर कळलं की माणूस संतापतो. आधी कळलं की निदान घरात बोलणं होतं.

विषयपत्रिका लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जुन्या पत्रिकांत विषय असे असायचे : 'लिफ्टबाबत चर्चा करणे.' चर्चा करा म्हटलं की लोक चर्चाच करणार. मी लिहिलं : 'लिफ्ट बदलण्यासाठी सोबत जोडलेल्या तीन कोटेशनपैकी एकाची निवड करणे, खर्चाची विभागणी व हप्ते ठरवणे.' प्रत्येक विषयापुढे अंदाजे मिनिटं टाकली. इतिवृत्त कायम करणे, अहवाल आणि ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, लेखापरीक्षकाची नेमणूक हे नियमाचे विषय मिळून ३५ मिनिटं, लिफ्टला ५०. शेवटी एक ओळ घातली : 'हिशेबाबद्दलचे आणि इतर प्रश्न १५ सप्टेंबरपर्यंत लेखी दिल्यास सभेत कागदपत्रांसह उत्तर देता येईल.'

नोटीस, अहवाल, ताळेबंद, तक्ता असा २२ पानांचा संच झाला. ३२ संच, पानाला ₹२, एकूण ₹१,४०८. ४ आणि ५ सप्टेंबरला मी स्वतः घरोघर दिले आणि यादीवर सही-तारीख घेतली. बाहेर राहणाऱ्या मालकांना ईमेल आणि रजिस्टर पोस्ट. आमच्याकडे तमिळ, गुजराती, मल्याळी घरं आहेत, म्हणून मुख्य नोटिशीचं एक पान हिंदीतही काढलं. सह्यांची ती यादी जपून ठेवा. 'मला नोटीस मिळालीच नाही' या एका वाक्याने सभा वादात जाऊ शकते.

त्यानंतरचे पंधरा दिवस या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. गणपतीत तशीही आपण घरोघर दर्शनाला जातोच. देवासमोर सभेचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण लोकच प्रसाद हातावर ठेवताना विचारायचे, "ते लिफ्टचं काय ठरतंय?" मग मी म्हणायची, "उद्या-परवा निवांत येते." आणि खरंच जायची. १९ घरी गेले. कुठे दहा मिनिटं, कुठे तासभर. मी काही पटवून द्यायला जात नव्हते, ऐकायला जात होते. वही घेऊन जायची आणि समोरच्यासमोर लिहून घ्यायची.

तळमजल्यावरच्या काकांकडे जायला मात्र मी दोनदा टाळलं. २०२३च्या सभेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. त्यांचं म्हणणं सरळ आहे : आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे? उपविधी सांगतात की लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापरो वा न वापरो. काका म्हणतात, आम्हाला सोयच नाही. समिती म्हणते, गच्चीवर जायला आहे ना. हा वाद महाराष्ट्रातल्या किती सोसायट्यांत चालू असेल देव जाणे.

१९ तारखेला संध्याकाळी गेले. काकांनी बसायला सांगितलं आणि आतून एक फाइल आणली. १९९९पासूनची मेंटेनन्सची प्रत्येक पावती त्यात तारखेवार लावलेली. प्रत्येक पावतीवर लिफ्टच्या ओळीखाली लाल रेघ. ते काही न बोलता पानं उलटत राहिले. पंचवीस वर्षांच्या लाल रेघा. मग उठले आणि मला मागच्या खिडकीपाशी घेऊन गेले. खिडकीच्या बरोबर खाली ड्रेनेजचा चेंबर. झाकण तडकलेलं, पावसात तुंबून वर आलेलं पाणी, आणि तो वास. "तीन वर्षं तक्रार देतोय. लेखी," ते म्हणाले. "तुमची लिफ्ट बंद पडली की तासात माणूस येतो. इथे कोण आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्रारी फायलीत होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या, आणि मला त्या लिफ्टएवढ्या महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी प्लंबरला आणून दाखवलं. नवा चेंबर आणि पाइपाचं मिळून ₹३८,००० सांगितले. रक्कम समितीच्या अधिकारात बसत होती, त्यामुळे शनिवारी समितीची तातडीची बैठक घेऊन मंजूर केली. हे काम करण्यामागे काकांचं मत मिळवण्याचा हेतू नव्हता, ते मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "बघू."

१५ तारखेपर्यंत ११ लेखी प्रश्न आले होते. सात हिशेबाचे. खजिनदाराने प्रत्येकाची पावती, व्हाउचर शोधून क्रमाने फाइल लावली. एक प्रश्न होता की वॉचमनच्या पगाराच्या खात्यात ₹६,००० जास्त का दिसतात. तो बोनस होता, पण अहवालात वेगळा दाखवलेला नव्हता. आमचीच त्रुटी. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर याच सहा हजारांवर अर्धा तास गेला असता आणि संशय राहिला असता तो वेगळाच.

शनिवारी रात्री आम्ही तिघं, अध्यक्ष, खजिनदार आणि मी, चाळीस मिनिटं बसून कामं वाटून घेतली. अध्यक्षांनी फक्त सभा चालवायची, कुणाला कधी बोलू द्यायचं ते बघायचं. आकड्यांची उत्तरं खजिनदाराने द्यायची. मी लिहायचं आणि ठरावाचे शब्द वाचायचे. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन. पण प्रत्येक बोलणाऱ्याला लगेच उत्तर द्यायची त्यांना सवय. मी त्यांना विनंती केली, "साहेब, लिफ्टच्या विषयावर सगळे बोलून होईपर्यंत आपण कुणीच उत्तर द्यायचं नाही." त्यांना ते अवघड गेलं, पण त्यांनी पाळलं.

२२ तारीख. नऊलाच हॉलवर गेले. खुर्च्या रांगेत लावलेल्या होत्या आणि समोर स्टेजवर टेबल. मी आणि वॉचमनने मिळून खुर्च्या अर्धगोलात दोन ओळींत लावल्या आणि टेबल स्टेजवरून खाली आणलं. भिंतीवर दोन मोठे कागद चिकटवले, एकावर विषयपत्रिका आणि मिनिटं, दुसऱ्यावर नुसतं 'आज नाही, पण विसरायचं नाही' असं लिहिलं. विषयाबाहेरचं काही निघालं की त्या दुसऱ्या कागदावर बोलणाऱ्यासमोरच लिहायचं. आपलं म्हणणं कुठेतरी लिहिलं गेलं हे डोळ्यांनी दिसलं की माणूस शांत बसतो, तेच तेच बोलत नाही.

साडेदहाला हजेरी वहीत ११ सह्या होत्या. पावणेअकराला १६. माझा घसा कोरडा पडला. खजिनदार फोन लावत होता. १० वाजून ५४ मिनिटांनी १९. अकरा वाजले की सभा तहकूब. एका घरून मुलगा वडिलांची चिठ्ठी घेऊन आला होता, "बाबांना बरं नाही, मी बसतो त्यांच्या जागी." चांगला मुलगा, पण असं प्रतिनिधी पाठवता येत नाही. शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचं दुसरं नाव आहे त्यांना, पहिलं नाव असलेल्याच्या गैरहजेरीत, बसता येतं. मुलाचं नाव नव्हतं. त्याला मागे बसून ऐक म्हटलं, कोरममध्ये धरलं नाही. १९वर एक खोटी सही चढवणं त्या क्षणी किती सोपं होतं हे मला चांगलं आठवतं.

१० वाजून ५७ला पाचव्या मजल्यावरच्या ताई आल्या. त्या मुंबईत एका रुग्णालयात नर्स आहेत. रात्रपाळी संपवून लोकलने तशाच आल्या होत्या, खांद्यावर डब्याची पिशवी, डोळे लाल. सही केली आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी आला होतात ना, म्हणून आले. मला पहिल्यांदाच कुणी विचारलं." त्या विसाव्या. नंतर हळूहळू आणखी सहा आले. एकूण २६.

नियमाचे विषय अर्ध्या तासात झाले. अहवाल सगळ्यांच्या हातात होता, त्यामुळे वाचत बसलो नाही. खजिनदाराने आकडे चार वाक्यांत सांगितले आणि लेखी प्रश्नांची उत्तरं कागद दाखवून दिली. बोनसची चूक त्याने स्वतःहून आधी सांगितली. त्या वेळी हॉलमधलं वातावरण बदललं असं मला जाणवलं.

मग लिफ्ट. इथे अध्यक्षांनी सांगितलं की प्रत्येकाने बोलायचं, प्रत्येकाला दोन मिनिटं, सुरुवात मागच्या ओळीतल्या डावीकडच्या खुर्चीपासून. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं. सातव्या मजल्यावरच्या काकूंची कॉलेजात जाणारी मुलगी घड्याळ घेऊन बसली होती. ही पद्धत मला घरोघर फिरताना सुचली. जे बोलतात ते दर वर्षी तेच पाच-सहा जण, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं ते मागे बसतात. चौघंच 'पुढे' म्हणाले. एका तमिळ आजोबांनी हिंदीत सांगितलं की तीन हप्ते केले तर पेन्शनीत बसेल. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, काम चालेल तेव्हा सातव्या मजल्यावरच्या आजींचं डायलिसिस आहे, त्यांना खाली कोण आणणार? हा विचार आमच्या डोक्यातच नव्हता.

नर्स ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "मी रात्री अडीचला येते कधीकधी. वीज गेली आणि लिफ्टमध्ये अडकले तर फोन कुणाला करायचा? नव्या लिफ्टमध्ये त्याची काही सोय आहे का?" मी तक्ता पाहिला. मधल्या कोटेशनमध्ये नव्हती. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं यंत्र वेगळं घ्यावं लागतं. खजिनदाराने तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला : ₹४२,००० जास्त. म्हणजे एकूण ₹१४,२२,०००. ठेवी वजा जाता ₹६,७२,०००, घरटी ₹२१,०००. आमची समिती दीड महिना त्या कोटेशनांवर बसली होती आणि हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

काकांची खुर्ची शेवटून तिसरी. ते उभे राहिले. शांतपणे, फाइल न उघडता, पंचवीस वर्षांचं सगळं दोन मिनिटांच्या आत सांगितलं. "मी विरोधात मत देणार. पण आज पहिल्यांदा मला मध्ये कुणी थांबवलं नाही, त्याबद्दल आभार." आणि बसले.

चहा-पोहे मी मुद्दाम इथे ठेवले होते, शेवटी नाही. शेवटी ठेवले की पोह्यांचा वास आल्यावर लोकांचं लक्ष उडतं, मधे ठेवले की लोक आपापसात बोलतात आणि कडवटपणा जरा उतरतो. ४० जणांचे ₹१,६०० झाले. पंधरा मिनिटांनी परत बसलो. मी ठराव शब्दशः वाचला : कोणतं कोटेशन, किती रक्कम, ₹७,०००चे तीन हप्ते ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत, कामाच्या काळात आजींना खाली आणण्याची व्यवस्था कोण करणार त्या दोघांची नावं. सूचक, अनुमोदक. हात वर. बाजूने २०, विरोधात ४, तटस्थ २. तीन वर्षं अडकलेला विषय एक तास दहा मिनिटांत संपला.

सगळंच चांगलं झालं असं नाही. ऐनवेळच्या विषयात एकाने पार्किंगचं नव्याने वाटप करा अशी मागणी केली. हा विषय तीन घरांनी मला आधी सांगितला होता आणि मी तो विषयपत्रिकेत घ्यायला विसरले होते. नोटिशीत नसलेल्या अशा विषयावर ठराव घेता येत नाही, अध्यक्षांनी नकार दिला, आणि ते गृहस्थ रागाने उठून गेले. त्यांचा राग रास्त होता. मी तो विषय भिंतीवरच्या कागदावर लिहिला आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्यासाठी २४ नोव्हेंबरला विशेष सर्वसाधारण सभा घेतली. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. ती सभा पंचावन्न मिनिटांत झाली.

१ वाजून ५ मिनिटांनी आभार मानून उठलो. पोस्टाचे ₹१५२ धरून सभेचा एकूण खर्च ₹५,१६०.

इतिवृत्ताचा कच्चा मसुदा त्याच रात्री लिहा. मी तीन तास बसले. दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं ते धूसर होतं. २७ सप्टेंबरला सहकार खात्याच्या पोर्टलवर विवरणपत्रं भरली. तीही ३० सप्टेंबरच्या आतच भरायची असतात. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ताळेबंद, लेखापरीक्षकाचा तपशील, सभासदसंख्या असं सगळं जवळ घेऊन बसलं तरी दीड-दोन तास जातात.

ऑक्टोबरमध्ये समितीने मसुदा पक्का केला आणि आम्ही सगळ्या सभासदांना वाटला. हरकतींसाठी १५ दिवस असतात. दोन आल्या. एक आडनावाच्या चुकीची. दुसरी काकांची, स्वच्छ अक्षरात, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. मी लिफ्टच्या ठरावापुढे सवयीने 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं होतं. जुन्या इतिवृत्तांत सगळीकडे तसंच होतं. काकांनी लिहिलं होतं : 'ठराव सर्वानुमते नव्हे, बहुमताने मंजूर झाला आहे. विरोधी मत देणाऱ्या चौघांची नोंद व्हावी.'

मी ती ओळ दुरुस्त केली. बाजूने २०, विरोधात ४, तटस्थ २, आणि चौघांची नावं. दुरुस्त पान घेऊन खाली गेले. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, खाली 'पाहिले' असं लिहून सही केली. मग आत गेले आणि ऑक्टोबरच्या ₹७,०००चा चेक आणून माझ्या हातात दिला. पावती मी तिथेच फाडली. त्यांनी ती फाइलीत लावली आणि लाल पेन घेऊन लिफ्टच्या ओळीखाली रेघ मारली.